विस्तव आमचा, धूर त्यांचा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'घरगुती कोळसा' असे सांगितले. ते ऐकून त्यांची थोडी निराशा झाली असावी. इतिहासाच्या जुन्या मास्तराने पानिपतावर बोलावे, शनिवारवाड्यावर बोलावे, निदान एखाद्या विस्मृतीत गेलेल्या शिलालेखावर तरी बोलावे, अशी अपेक्षा बाळगण्यात त्यांची चूक नाही. परंतु ज्या वस्तूवाचून आपल्या आईला आणि आजीला एक दिवसही काढता येत नव्हता, त्या वस्तूचा इतिहास लढायांच्या इतिहासापेक्षा हलक्या प्रतीचा आहे, असे मला कधी वाटले नाही. शिवाय या विषयात माझा स्वतःचा एक जुना हिशोब अडकलेला आहे. तो आज आपल्यापुढे मांडावा, असा माझा स्वार्थही त्यात आहे.

माझा जन्म १९४० सालचा, पुण्यातल्या एका वाड्यातला. वाड्यात अकरा बिऱ्हाडे होती आणि प्रत्येक बिऱ्हाडात चूल, शेगडी आणि बंब अशी विस्तवाची तीन ठाणी होती. चुलीवर भाकरी आणि भात, शेगडीवर चहा आणि दूध, बंबात आंघोळीचे पाणी. ज्यांनी बंब पाहिलेला नाही अशा दोन पिढ्या आज समोर बसल्या आहेत, म्हणून थोडे सांगतो. बंब म्हणजे तांब्याचे उभे भांडे. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक नळी असे. नळीत विस्तव, नळीभोवती पाणी, खाली राख पडण्यासाठी जाळी आणि बाजूला पितळेची तोटी. विस्तवाला खालून हवा मिळे आणि तीच नळी धुराड्याचेही काम करी. विस्तव पाण्याच्या पोटात असल्यामुळे उष्णता वाया फारशी जात नसे. या भांड्याला कशाचेही वावडे नव्हते. लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या, शेंगांची टरफले, सारे त्याला चाले. परंतु घरातली आठ माणसे एकामागून एक आंघोळ करणार असतील, तर पाणी कढत राखायला कोळसेच लागत. नरक चतुर्दशीच्या पहाटे वाड्यातले अकरा बंब एकदम पेटत, आणि उटण्याच्या वासाआधी त्या धुराचा वास अंथरुणात येऊन आम्हांला जागे करी.

कोळसा येई तो पेठेतल्या वखारीतून. एका अंगाला फोडलेल्या लाकडांच्या राशी, दुसऱ्या अंगाला कोळशाचा ढीग, मध्ये साखळ्यांनी टांगलेला भला मोठा तराजू, आणि गादीवर खतावणी घेऊन बसलेले शेठ. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वडील सांगून येत आणि दुसऱ्या दिवशी हमाल पोते पाठीवर घेऊन वाड्याचा जिना चढे. डोक्यावर रिकाम्या पोत्याची खोळ घेतलेला तो माणूस दारातून आत येताना नेहमी बाजूने येई, भिंतीला काळा डाग लागू नये म्हणून. त्याला पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा दिला जाई. त्याचे नाव मात्र आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते.

पोते उतरले की आईची परीक्षा सुरू होई. ती दोन कोळसे उचलून एकमेकांवर हलकेच आपटी. चांगला जळलेला कोळसा खणखणीत वाजतो. अर्धकच्चा असेल तर आवाज बद्द येतो आणि तो शेगडीत धूर करतो. मग ती पोत्यात खोल हात घाली, कारण वजन वाढावे म्हणून कोळशावर पाणी मारण्याची रीत सर्वांना माहीत होती. पोत्याच्या तळाशी चूर किती, हेही ती पाही. आणि हे सारे एका वहीत लिहून ठेवी: तारीख, वजन आणि पुढे एक शेरा. 'ओला.' 'चूर फार.' 'बरा.' क्वचित, सणासारखा, 'उत्तम.' ती वही आजही माझ्यापाशी आहे. भारतात १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. त्या वहीत हा फरक असा दिसतो की काही पाने मण आणि शेर आहेत, मग काही पानांवर दोन्ही वजने शेजारी शेजारी आहेत, आणि नंतर फक्त किलो. सरकारी राजपत्रापेक्षा मला हा पुरावा अधिक बोलका वाटतो.

त्या घरात काहीच फुकट जात नसे. चूर शेणात आणि थोड्या मातीत कालवून त्याचे गोळे वळायचे व गच्चीवर वाळत घालायचे. राख भांडी घासायला. लाकडाच्या वखारीतला भुसा आणून भुशाची शेगडी भरायची: मध्ये बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासायचा, मग अलगद बाटली काढून घ्यायची. रात्री शेवटचा निखारा राखेखाली झाकून ठेवायचा, म्हणजे सकाळी काडी ओढावी लागत नाही. एखाद्या बिऱ्हाडाचा विस्तव विझलाच तर शेजारणीकडे पळीभर निखारे मागायला जायचे. 'विस्तव द्या हो थोडा' हे वाक्य त्या वाड्याच्या सकाळीचा एक भागच होता.

आपल्याकडे घर उबदार ठेवण्याचा प्रश्न थंड देशांसारखा कधी आला नाही. पण एक खोली अशी होती, जी मुद्दाम कोळशाने तापवली जाई. ती बाळंतिणीची. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशोपा यांची धुरी, खिडक्या बंद, दारावर जाड पडदा. मी नऊ वर्षांचा असताना आत्या आमच्या घरी बाळंतपणाला आली होती. एका संध्याकाळी तिचे डोके भयंकर दुखू लागले, उलटी झाली आणि ती बोलताना अडखळू लागली. आजीने दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेतल्या. सुदैवाने शेजारचे डॉक्टर घरी होते. त्यांनी आत येताच पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर दोन्ही खिडक्या धाडकन उघडल्या आणि शेगडी उचलून अंगणात ठेवायला लावली. घटकाभराने आत्या सावध झाली, बाळही वाचले. हवा पुरेशी नसेल तर कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो आणि माणूस झोपेतच जातो. आजी पुष्कळ दिवस म्हणत होती, "पण धूर तर मुळीच नव्हता हो!" तिचे हे वाक्य लक्षात ठेवा. आजचे माझे व्याख्यान बहुतांशी त्या वाक्यावरचे भाष्य आहे.

धूर नसणे हाच कोळशाचा मोठा गुण. लाकूड स्वस्त होते, तरी शेगडीत कोळसाच हवा असे, तो याच कारणाने. भिंती काळ्या होत नाहीत, डोळे चुरचुरत नाहीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतही संसार करता येतो. पण लाकडातला धूर गेला कुठे? जो धूर आमच्या घरात निघाला नाही, तो कुठेतरी निघालाच असला पाहिजे. हा प्रश्न मला लहानपणी पडला नाही. आईलाही पडला नाही. ती फार तर विचारी, "कोकणातला आहे की मावळातला?" आणि तेही प्रत ठरवण्यापुरतेच.

आता थोडा हिशोब. मातीने लिंपलेल्या साध्या भट्टीत पाच ते सहा मण लाकूड घालावे, तेव्हा एक मण कोळसा हाती येतो. एक किलो कोळशात सुमारे सात हजार किलोकॅलरी उष्णता असते, तर उन्हात वाळलेल्या लाकडात साडेतीन ते चार हजार. म्हणजे मणभर कोळशात जवळजवळ दोन मण लाकडाची उष्णता आली, आणि उरलेल्या तीन-चार मण लाकडाची उष्णता डोंगरातच उधळली गेली. हा व्यवहार तोट्याचा खरा. पण तोटा जंगलाचा होता, आणि नफा वाहतुकीचा. हलका माल गाढवाच्या पाठीवर, गलबतात, पुढे मालमोटारीत भरून दूर नेता येतो. शहर जितके दूर आणि जितके मोठे, तितका कोळशाचा धंदा किफायतीचा.

हा धंदा महाराष्ट्रात जुना आहे. चुना भाजणे आणि कोळसा पाडणे यांवर लोणारी समाजाने पिढ्यान् पिढ्या पोट भरले. तोपर्यंत जंगल आणि गाव यांचा काही मेळ होता. तो बिघडला तो एकोणिसाव्या शतकात. मुंबईची वस्ती १८६४ च्या गणतीत ८,१६,५६२ भरली होती. कापसाच्या तेजीने फुगलेल्या त्या शहराच्या चुली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या लाकडावर आणि कोळशावर पेटत होत्या, आणि तो माल खाड्यांतून गलबतांनी येई. बोरघाटातून आगगाडी १८६३ साली सुरू झाली. रुळांखालच्या स्लीपरांना लाकूड हवे होते. याच काळात, १८६५ आणि मग १८७८ साली जंगलाचे कायदे आले आणि डोंगरच्या डोंगर 'राखीव' झाले.

राखीव कोणासाठी, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगलखात्याने डोंगर आणि गायराने अडवल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांची कशी उपासमार झाली, हे खडसावून सांगितले आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भाताच्या रोपासाठी राब भाजायला फांद्या तोडू द्याव्या की नाही, यावरून एवढे रान उठले की सरकारला १८८५ साली जंगल चौकशी समिती नेमावी लागली. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळ्या चालल्या, तो याच कहाणीचा पुढचा भाग होय.

या साऱ्यात ज्यांची बाजू कोणी फारशी मांडली नाही, ते म्हणजे कातकरी. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगल राखीव झाले तसा कात गेला. ज्या माणसाला जंगलातल्या प्रत्येक झाडाची ओळख आहे, पण ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, त्याने करायचे काय? तो कोळशाच्या भट्टीवर गेला. जंगलखाते कूप लिलावात काढी, ठेकेदार तो घेई आणि तोडायला, भट्ट्या लावायला कातकऱ्यांना नेई. पावसाळ्यात पोटाला काही नसताना ठेकेदार धान्य किंवा पैसे देई. त्याला खावटी म्हणत. ती फेडायची पुढच्या हंगामात, अंगमेहनतीने. हंगाम संपेपर्यंत ती फिटली, असे क्वचितच होई. सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने १९३९ साली मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या स्थितीवर सरकारला अहवाल दिला. त्यातून पुढे ठेकेदाराला दूर सारण्यासाठी १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या. कित्येक ठिकाणी त्यांनी चांगले काम केले. पण सगळ्या डोंगरांवर संस्था पोहोचल्या नाहीत, आणि जिथे पोहोचल्या तिथेही जुना ठेकेदार पुष्कळदा मागल्या दाराने आत शिरला.

त्यातच दुसरे महायुद्ध आले. पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि मोटारींच्या मागे कोळशाच्या वायूची टाकी बसवून गाड्या धावू लागल्या. वडील सांगत की घाट चढताना अशी गाडी धापा टाकी आणि उतारूंना खाली उतरून चालावे लागे. ही गोष्ट सांगताना आम्ही हसत असू. त्या काळात घरच्या शेगडीबरोबर मोटारींचेही पोट भरायचे काम डोंगरावर पडले होते, हे लक्षात यायला मला पुष्कळ वर्षे लागली.

ती वेळ १९६२ साली आली. त्या वर्षीच्या जूनमध्ये मी कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, सुधागड तालुक्यातल्या एका गावी शिक्षक म्हणून रुजू झालो. माझ्या वर्गात कातकरवाडीवरचा एक मुलगा होता. त्याचे नाव मी इथे सांगणार नाही. वय दहाएक वर्षांचे. अक्षर वेडेवाकडे, पण तोंडी हिशोबात त्याचा हात धरणारा वर्गात दुसरा कोणी नव्हता. एवढ्या मापाच्या टोपलीत इतके मण, तर पोत्यात किती, हे मी प्रश्न पुरा करायच्या आत तो सांगे. दिवाळीची सुट्टी संपली आणि तो आलाच नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'गै', 'गै', 'गै' अशी रांग लागली. मुलांना विचारले तर ती म्हणाली, "गुरुजी, तो भट्टीवर गेला." जणू 'मामाच्या गावाला गेला' असे सांगावे, इतक्या सहजपणे.

जानेवारीतल्या एका रविवारी मी दोन मुले बरोबर घेऊन ती भट्टी पाहायला गेलो. डोंगराच्या कुशीत सपाट केलेली जागा. तिथे लाकडे रचून त्यांवर गवत, पाला आणि वर ओल्या मातीचा थर देऊन घुमटासारखा ढीग केलेला. त्याला जागोजाग बोटे घातल्यासारखी भोके होती आणि त्यांतून धूर निघत होता. तसा धूर मी जन्मात पाहिला नव्हता. जाड, पांढरा, जमिनीलगत सरपटणारा. त्या मुलाच्या वडिलांनी मला समजावून सांगितले. आधी पांढरा धूर येतो, तो लाकडातल्या पाण्याचा. मग पिवळट येतो. शेवटी निळा आणि विरळ झाला की कोळसा पिकला म्हणून समजायचे आणि सारी भोके बुजवायची. हे व्हायला ढिगाच्या मानाने आठ ते पंधरा दिवस लागतात. या दिवसांत मातीला कुठे तडा गेला आणि आत वारा शिरला, तर आख्ख्या ढिगाची राख होते. म्हणून रात्री कोणीतरी जागायचे आणि तडा दिसला की वर चढून माती थापायची. वर चढताना कवच खचले तर माणूस आत निखाऱ्यात जातो. ते हे सारे अगदी शांतपणे सांगत होते. त्यांच्या पायावर गुडघ्यापर्यंत जुन्या भाजल्याचा वळ होता.

"रात्री कोण जागतं?" मी विचारले.

"दोघं. कधी मी आन् बायको, कधी मी आन् ह्यो," असे म्हणून त्यांनी मुलाकडे बोट केले.

मुलगा माझ्याकडे पाहून हसला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि त्यांतून सारखे पाणी येत होते. मी म्हणालो, "याला शाळेत पाठवा. हुशार आहे." ते म्हणाले, "गुर्जी, पावसात खावटी घेतली. ती फिटल्याबिगर शेठ सोडत न्हाई. पोराला एकट्याला वाडीवर ठेवू, तर त्यानं खायाचं काय?" मला उत्तर सुचले नाही. निघताना मी उगाच काहीतरी विचारायचे म्हणून विचारले, "हा माल जातो कुठे?" तिथे उभा असलेला मुकादम म्हणाला, "खोपोलीवरून पुण्याला."

श्रोतेहो, मी पुण्याचा आहे हे त्या मुकादमाला माहीत नव्हते.

मार्च महिन्यात वरिष्ठांना पट पाठवायचा होता. सतत गैरहजर असलेल्यांची नावे कमी करायची, असा नियम होता. मी लाल शाईने त्या मुलाच्या नावावर रेघ मारली. पुढल्या वर्षी ते कुटुंब त्या वाडीवर परतलेच नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मी पुण्याला घरी आलो. सकाळी आईने बंब पेटवला, पाणी काढून दिले आणि म्हणाली, "या खेपेचा कोळसा छान निघाला हो." तिची वही शेजारीच होती. मी तिला सारी हकीकत सांगितली. ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, "इतकी वर्षं मी ओला का कोरडा एवढंच पाहिलं."

माझ्यापुढे तेव्हापासून दोन वह्या आहेत. एक आईची कोळशाच्या हिशोबाची, दुसरी माझी हजेरीची. पहिल्या वहीत 'उत्तम' असा शेरा पडावा, म्हणून दुसऱ्या वहीत 'गै' पडत होते. हा संबंध कोणत्याही एका माणसाने दुष्टपणाने जोडलेला नव्हता. आई दुष्ट नव्हती, हमाल नव्हता, वखारीतले शेठही आमच्याशी सचोटीने वागले. पण धूर जर ताटापासून पन्नास मैल दूर राहात असेल, तर सज्जन माणसालाही तो दिसत नाही.

याच सुमारास दूरदेशी काय घडले ते पाहण्यासारखे आहे. लंडनमध्ये दगडी कोळशावर घरे तापवीत. खोलीखोलीत शेकोटीची जागा, आणि रस्त्याच्या फरसबंदीत लोखंडी झाकणाचे एक भोक. कोळसेवाला ११२ पौंडांचे पोते पाठीवरून आणून त्या भोकातून थेट तळघरात ओती. धूर मात्र त्याच शहराच्या माथ्यावर राही. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत थंड हवा कोंडली, वारा पडला आणि धूर-धुक्याने लंडन झाकून टाकले. नाटकगृहाच्या आत धुके शिरल्यामुळे सॅडलर्स वेल्स येथे चाललेला संगीतिकेचा प्रयोग बंद करावा लागला. सुमारे चार हजार माणसे दगावली असा अंदाज तेव्हा केला गेला. नंतरच्या संशोधकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. १९५६ साली, म्हणजे चार वर्षांत, पार्लमेंटने स्वच्छ हवेचा कायदा केला, निर्धूर विभाग आखले आणि शेगड्या बदलायला लोकांना पैशांचे साहाय्य दिले. पुढे २०२३ च्या मे महिन्यात इंग्लंडात घरगुती वापरासाठी साध्या दगडी कोळशाची विक्रीही संपुष्टात आली. त्यांचा कायदा इतक्या लवकर का झाला? मला वाटते, याचे एक कारण असे की कोळसा जाळणारा, धूर गिळणारा आणि कायदा करणारा, हे तिघेही एकाच शहरात राहात होते. आपल्या मुंबईतही १९१२ साली धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला होता. पण तो शहरातल्या भट्ट्यांच्या धुराडांसाठी. सुधागडच्या भट्टीला धुराडेच नव्हते, आणि तिचा धूर कोणत्याही शहराच्या नाकात जात नव्हता.

आपल्याकडे कोळसा गेला तो कायद्याने नव्हे, सोयीने. आधी घासलेटचे स्टोव्ह आले. १९५५ साली मुंबईत बर्शेन या नावाने सिलिंडरमधला गॅस मिळू लागला आणि १९६५ साली इंडेन आला. आमच्या घरी गॅस आला तेव्हा आईने शेगडीला हळदकुंकू लावून ती माळ्यावर ठेवली. वाड्यांच्या जागी इमारती झाल्या, बंब मोडीत गेले, वखारीच्या जागी दुकाने आली. मुलांना आता 'वखार' हा शब्दही ठाऊक नाही. आपल्याला वाटले, प्रश्न सुटला.

तो सुटला नाही. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. तरीही दसरा-दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्ट्यांवर जाण्याचे थांबलेले नाही. कोळसा आता हॉटेलांच्या तंदूरमध्ये जातो, आणि कोळशाच्या जोडीला विटांच्या भट्ट्या आल्या आहेत. वाडीवरच्या शाळांच्या पटावर दिवाळीनंतर 'गै' ची रांग आजही लागते, असे तिथे शिकवणारे माझे विद्यार्थी मला सांगतात.

आणि आपल्या आंघोळीचे पाणी? ते आता बटण दाबले की तापते. ना राख, ना काजळी, ना धूर. आजी असती तर म्हणाली असती, "धूर तर मुळीच नाही हो!" पण महाराष्ट्राची वीज अजूनही मोठ्या प्रमाणावर दगडी कोळशावरच तयार होते. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचे. तिथून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची उच्च दाबाची वाहिनी १९९९ साली सुरू झाली. विदर्भात जाळलेल्या कोळशाची वीज पश्चिम महाराष्ट्राला मिळावी, हाच तिचा हेतू. आपल्या देशातल्या कोळशात शेकडा ३५ ते ४० राख असते. ती राख चंद्रपूरलाच राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या अतिशय प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी केली, तीत चंद्रपूरचे नाव होते. आमच्या काळी धूर पन्नास मैलांवर राहिला होता. आता तो सातशे किलोमीटरांवर आहे, एवढाच फरक.

मी काही आपणांस पुन्हा शेगडीकडे चला, असे सांगायला उभा नाही. त्या शेगडीने माझ्या आत्याचा प्राण जवळजवळ घेतला होता. चुलीच्या धुरात डोळे घालवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. गॅस आला, वीज आली, हे फार चांगले झाले. माझे मागणे लहान आहे. आईच्या वहीत एक रकाना कमी होता. तारीख, वजन, प्रत एवढे ती लिहीत होती. 'कोणाकडून, कशाच्या बदल्यात' हे लिहायला तिला कोणी शिकवले नव्हते. आपण शिकलेली माणसे आहोत. ज्या सोयीत आपल्याला धूर दिसत नाही, तिचा धूर कुठे निघतो आहे, हे विचारण्याइतके आपण नक्कीच शिकलो आहोत. तो रकाना आपण आपल्या वहीत आखावा आणि मुलांना आखायला शिकवावे. तो आखला की मग चंद्रपूरच्या राखेचा प्रश्न चंद्रपूरकरांचा एकट्यांचा राहणार नाही, आणि कातकरवाडीच्या शाळेचा पट हा एकट्या मास्तराच्या लाल शाईचा विषय राहणार नाही.

त्या मुलाचे आता सत्तरी ओलांडलेले वय असेल. त्याचे नाव मी पटावरून कमी केले होते, नियमाप्रमाणे. ती रेघ आता पुसता येत नाही. पण तिचा हिशोब लोकांपुढे एकदा तरी वाचून दाखवावा, असे साठ वर्षे मनात होते, ते आज आपल्या कृपेने झाले.